हाक मारल्यावरच हात

राजेश्वर, ता. बसवकल्याण
१९ जानेवारी २०२५

सत्यभामाअक्का,

नमस्कार लिहिते. तो घ्यावा न घ्यावा, तुमची मर्जी. चौदा महिने झाले. अनिलकुमारकडून तुमचा पत्ता घेतला. तो म्हणाला, काकी, फोनच करा की. पण जावेचा फोन म्हटल्यावर तुम्ही एकदा हं म्हणाल आणि ठेवून द्याल. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं. अक्षर मोठं काढते आहे. अनिलच्या पहिलीच्या पुस्तकावर आपण दोघी चुलीपुढं बसून वाचायला शिकलो, तेव्हापासून तुम्हाला बारीक अक्षराचा राग आहे.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. हे न्हाणीत पडले, मी हाक मारली आणि भिंतीपलीकडून तुम्ही उठला नाहीत, असं मी तिसऱ्या दिवशी बायांसमोर बोलले. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. तेरावं झालं आणि अनिलबरोबर गुलबर्ग्याला गेलात. तुमच्या अर्ध्या घराला तेव्हापासून कुलूप आहे. पुढचं अंगण मी झाडते, तुमच्या वाटणीचंही.

लिहायचं कारण वेगळं आहे. अनिल म्हणाला, तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून असता. "आईला उठवायला दोघं लागायलेत, काकी." डॉक्टर म्हणतात हाडं ठीक आहेत, पायातला जोर गेलाय, बसून बसून. मी ते ऐकलं आणि माझा विश्वास बसला नाही. डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन विहिरीची चढण चढणारी बाई तुम्ही. अक्का, तुम्ही परत या. इथं अशा बायांना उठवण्याचा वर्ग चालतो.

भागाबाईची पंचशीला तुम्हाला आठवत असेल. फिजिओथेरपी शिकून आली. बसवकल्याणला एका दवाखान्यात कामाला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी विहाराशेजारच्या समाजभवनात साठीच्या पुढच्या बायांकडून वजन उचलायचा व्यायाम करून घेते, समोर उभी राहून. ती आपल्या गल्लीतही घरोघर येऊन सांगून गेली होती. दोन आठवडे आपल्या गल्लीतलं कोणी गेलं नाही. कोणाचे गुडघे, कोणाची म्हैस, कोणाची सून बाळंत. खरं कारण कोणी बोललं नाही, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी गेले, गल्लीतल्या चन्नव्वाला घेऊन. त्यात मोठेपणा काही नाही, मला गरज होती. तुरीच्या रानात खाली बसले होते, उठताच येईना. चार पायांवर रांगत बांधापर्यंत गेले आणि बाभळीला धरून उठले. तळहातातले काटे गल्लीतल्या मनीषानं काढले.

पहिल्या दिवशी पंचशीला एकेकीला विचारत होती, तुम्हाला कोणतं काम जमायला पाहिजे. चन्नव्वा म्हणाली, संडासात बसल्यावर बादलीला न धरता उठता आलं म्हणजे झालं. सगळ्या हसल्या, पण अर्ध्याजणींनी मान हलवली. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, पडलेल्या माणसाला उचलता आलं पाहिजे. किती वजनाचा, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, सत्तर किलो. तिनं वहीत लिहून घेतलं.

विचार करा.

पद्मा


राजेश्वर
१२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

पत्र पोचलं आणि तुम्ही दोनदा वाचलंत, एवढं अनिलनं सांगितलं. उत्तराचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

वर्गाचं लिहिते. आम्ही पंधराजणी आहोत. नऊ तिकडच्या, विहाराकडच्या, सहा आपल्या गल्लीतल्या. लग्नाच्या वेळी आणतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पण बिनहाताच्या. पंचशीला आधी सगळ्यांचं बीपी बघते. जास्त असलं तर त्या दिवशी नुसतं बसायचं. चन्नव्वा दर वेळी मशीनशी भांडते. मग खुर्चीतून उठणं-बसणं. भिंतीला हात लावून अंग पुढं नेणं, मागं आणणं. खिडकीचा गज धरून टाचा उचलणं. श्वास कोंडायचा नाही म्हणून मोठ्यानं मोजायचं. कोणी मराठीत मोजतं, कोणी कन्नडात. दहा मात्र सगळ्यांचे एकदम होतात.

वजन म्हणून जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली आहे. पहिली पिशवी एक किलोची. चन्नव्वानं ती हातात घेतली आणि म्हणाली, "ही? ह्याच्यापरीस माझं नातू जड होतं जलमलं तवा." पंचशीला पाठमोरी झाली की आम्ही एकची ठेवून तीनची घेत होतो. आठ दिवसांनी चन्नव्वाचा खांदा वर जाईना, वेणी घालायला सून लागली. तेव्हा पंचशीलाला कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, तुमी जोर हाय म्हणून आलाव, का न्हाई म्हणून आलाव?" आता ती हातात ताणकाटा घेऊनच उभी असते.

पण खरी गंमत दुसरीच आहे. तीन आठवडे झाले तरी तिच्या वहीतले आकडे पुढं सरकेनात. अर्ध्या मिनिटात मी सहा वेळा उठत होते, सहाच. तिला कळेना चूक कुठं होते आहे. मग एका मंगळवारी ती पुढं उभी राहायची ती मागं जाऊन उभी राहिली आणि नुसतं बघत राहिली. उठा म्हटलं की दोन्ही बाजूंनी हात पुढं येत होते. आपली सवय तुम्हाला माहीत आहे. आपल्यापेक्षा वर्षानं मोठी बाई उठायला लागली की आपला हात तिच्या कोपराखाली आपोआप जातो, न दिला तर उर्मट म्हणतात. पंधरा म्हाताऱ्या एका खोलीत बसल्या की प्रत्येक बाई कोणापेक्षा तरी मोठी असतेच. तीन आठवडे आम्ही एकमेकींना उठवत होतो, आपलं आपण कोणीच उठत नव्हतं. हात कोणाचा, तिकडचा की इकडचा, हे बघायचं मात्र त्यात राहून गेलं होतं. भागाबाईला मी रोज उठवत होते आणि ते मला त्या दिवशी कळलं.

पंचशीला हसत हसत खुर्चीत बसली. मग तिनं नियम केला. हात द्यायचा नाही. जिला लागेल तिनं नाव घेऊन हाक मारायची, हाक मारल्यावरच हात. दवाखान्यातून आणलेला तक्ता कन्नडात आहे, तो आमच्यात चौघींना वाचता येतो. म्हणून तिनं मला हा नियम पुठ्ठ्यावर मराठीत लिहायला सांगितलं. मी लिहिला. भिंतीवर लावला आहे.

त्यावरही भांडण झालंच. मोठीचं नाव कसं घ्यायचं? एकीनं अक्का म्हणून हाक मारली तर पाचजणी वळल्या.

आता माझे नऊ होतात.

पद्मा


राजेश्वर
८ मार्च २०२५

अक्का,

काल आम्हाला जमिनीवरून उठायला शिकवलं. हे सगळ्यात अवघड. आधी कुशीवर वळायचं, मग दोन हात आणि दोन गुडघ्यांवर यायचं. एक पाय पुढं घ्यायचा, हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवून जोर द्यायचा आणि उठायचं. एकेकीनं मधे यायचं, बाकीच्यांनी बघायचं.

मी गुडघ्यांवर आले आणि उजवा पाय पुढं येईना. मांडी थरथरायला लागली आणि मी परत बसले, बसले ती आडवी झाले. फरशी थंड होती. भोवती चौदा बाया, सगळ्यांनी हात पदराखाली दाबून धरलेले. हाक मारल्याशिवाय हात नाही, आणि पुठ्ठा माझ्याच हातचा. मला फक्त एक नाव घ्यायचं होतं. कोणाचंही चाललं असतं.

माझ्याच्यानं घेतलं गेलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पंचशीला माझ्याजवळ खाली बसली आणि हळू म्हणाली, "मावशी, हाक मारा की. कामून गप पडलाव?" मी म्हणाले, घसा कोरडा पडलाय. शेवटी भागाबाईनं नियम मोडला आणि मला उठवलं.

सगळ्या गेल्यावर मी खुर्च्या रचायला थांबले. तेव्हा तिला विचारलं की सत्तर किलोचं तू लिहून घेतलं होतंस, त्याला अजून किती महिने लागतील. तिनं वही काढली नाही. म्हणाली, "मावशी, वल्या फरशीवरून सत्तर किलोचा माणूस एकल्या बाईनं उचलायचाच नसतोय. मी बी उचलत न्हाई. आमाला शिकवलंय, आधी दुसऱ्याला हाक मारायची, मंग हात लावायचा."

मी तिला न्हाणीचं काही सांगितलं नव्हतं. ओली फरशी तिनं आपल्या मनानं घातली की आईकडून ऐकलं होतं, मला माहीत नाही. घरी येऊन भाकरी थापल्या. पुढचं लिहायचं आहे, पण आज लिहिणं होत नाही.

पद्मा


राजेश्वर
१७ मार्च २०२५

अक्का,

काल अनिलचा फोन आला होता. तुमच्या पायाचं विचारायला मी तोंड उघडलं, तर तो कानाचं बोलायला लागला. म्हणाला, आई दर महिन्याला कान तपासायला चल म्हणते. तीन डॉक्टर झाले. तिघांनी मशीन लावून बघितलं, कान चांगले आहेत म्हणाले. तरी घरात कोणी भांडं ठेवलं तरी विचारते, मला हाक मारली का? त्याला कळत नाही हे काय चाललंय. "काकी, तुमी एवढ्या वर्षं संगं राहिलाव. पयल्यापासून असं होतं का?"

नव्हतं, असं मी सांगितलं आणि फोन ठेवला.

पहिल्या पत्रात त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते.

सकाळचे नऊ वाजले असतील. हे दगडावर बसून अंघोळ करत होते. धप्प आवाज आला म्हणून मी गेले, तर भिंतीकडेला कलंडलेले, तोंड वाकडं, एक हात नुसता लोंबत होता. डोळे उघडे होते, माझ्याकडं बघत होते. मी काखेत हात घालून उचलायला लागले. अंगाला साबण होता. तीनदा उचललं, तीनदा घसरले. तिसऱ्या वेळी डोकं आपटू नये म्हणून मी त्यांच्याखाली आले आणि आम्ही दोघं तसेच पडून राहिलो.

भिंतीपलीकडं तुम्ही तूर पाखडत होता. सुपाचा आवाज मला सारखा ऐकू येत होता. तुम्ही चार हातांवर होता आणि मला ते माहीत होतं. एकदा सूप थांबलं. मला वाटलं, आता तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

आपलं बोलणं बंद होऊन आठ महिने झाले होते. म्हैस व्याली तेव्हा मी गल्लीत सगळ्यांकडं चीक पाठवला आणि तुमच्याकडं पोचला नाही, एवढ्यावरून. वाटायला गेलेली मनीषा विसरली होती. दोन दिवसांनी मी पाठवला तो तुम्ही तांब्यासकट परत केला. पहिलं आपण बोलायचं नाही, असं मी त्या दिवशी धरलं. ते धरलेलं माझ्या हातून न्हाणीतसुद्धा सुटलं नाही. नवरा अंगावर पडलेला आणि माझ्या डोक्यात हे, की हाक मारली तर मी आधी बोलल्यासारखं होईल.

गल्लीतली बाकी सगळी रानात गेलेली, मग मी त्यांना तसंच ठेवून रस्त्यावर गेले. धनराजचा ट्रॅक्टर येईपर्यंत उभी राहिले. सगळं मिळून अर्धा तास गेला असेल. डॉक्टरांना मी नंतर विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बाया बसल्या होत्या. चन्नव्वानं विचारलं, आगं पर कुनाला हाक मारायची न्हाईस का? नाही मारली, असं म्हणायला मला तोंड नव्हतं. मारली म्हणाले. आणि मारली म्हटल्यावर तुम्ही उठला नाहीत हे आपोआपच आलं. तुम्ही समोर बसला होता. तुम्ही म्हणाल की खोटं आहे, मला वाटलं. तुम्ही नुसतं माझ्याकडं बघत राहिलात.

तुम्ही रागानं गप्प बसलात असं मी सोळा महिने धरून चालले होते. काल कळलं. तुम्हाला वाटलं की मी हाक मारलीच असणार आणि तुम्हालाच ऐकू आली नसणार.

अक्का, मी हाक मारली नव्हती. तुमचे कान चांगले आहेत. चौथ्या डॉक्टरकडं जाऊ नका.

पद्मा


राजेश्वर
२९ मार्च २०२५

अक्का,

तुम्हाला एकटीला लिहून भागणार नव्हतं. बोलले होते ते बायांसमोर. त्या दिवशी बसलेल्यांपैकी पाचजणी वर्गात असतात. काल बीपी बघून झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. लांबवलं नाही. मी हाक मारली नव्हती, सत्यभामाअक्कांचा दोष नाही, एवढंच. पंखा चालू होता, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागलं.

दोघी उठून गेल्या. त्यातली एक माझ्या आत्याची सून. चन्नव्वा म्हणाली, "मंग वरीसभर आमी त्या बाईला ज्या शिव्या दिलाव, त्या आता कुनी घ्यायच्या?" मी म्हणाले, मला दे. ती म्हणाली, "तुला येगळ्या देते. त्या तिच्या हायेत." भागाबाई डबा उघडून सुपारी शोधत बसली. पंचशीलानं दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाली, चला, खुर्च्या घ्या. मोजायला सुरुवात झाली.

शेवटी परत जमिनीवरून उठायचं होतं. या वेळी पाय पुढं आला, पण वर येताना मांडी भरून आली. मी मोठ्यानं हाक मारली, चन्नव्वा. ती दोन पावलांवर उभी होती. तिनं खिडकीकडं बघितलं. मी परत हाक मारली. मग ती आली, पदर खोचला आणि मला वर घेतलं. वर घेताना कानाशी म्हणाली, "पयली ऐकली होती मी."

तो तिचा हक्क आहे.

पद्मा


राजेश्वर
२ एप्रिल २०२५

अक्का,

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी नुसती धरून उभी होते. तुम्ही दोनच वाक्यं बोललात आणि ठेवून दिलात, त्यामुळे उत्तर राहिलं. ते लिहिते.

तुम्ही म्हणालात, "पद्मा, धप्प झालेलं मी ऐकलं हुतं. सूप मीच थांबवलं. हाक आली तर जाईन म्हणून बसले."

मी त्यावर तीन दिवस विचार केला. स्वयंपाक करताना, म्हशीखाली बसल्यावर, सगळीकडं. मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं. आलाही, सोमवारी दुपारपर्यंत. तुम्ही उठला असता तर, असं. मग ते तिथंच अडकून राहिलं, कारण त्याच्या पुढं लगेच माझंच येतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपण दोघी कान देऊन बसलो होतो आणि मधे ते पडले होते. यात तुमचं किती आणि माझं किती, हे मोजायला मी येणार नाही. तुम्हीही मोजू नका. ते गेले. मला त्यांची आठवण येते, रोज, विशेष करून सकाळी पाणी तापवताना, एका माणसाचं पाणी पटकन तापतं म्हणून. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. त्यांना लहानपणापासून बघितलेलं आता या घरातलं कोणी उरलेलं नाही, तुमच्याशिवाय.

येत्या रविवारी मी गुलबर्ग्याला येते. सकाळच्या गाडीनं हुमनाबाद, तिथून दुसरी. अनिलला सांगितलं आहे. तो म्हणाला, तिसरा मजला आहे काकी, लिफ्ट महिनाभर बंद आहे, मी खाली घ्यायला येतो. मी नको म्हणाले. पंचशीलाला विचारून घेतलं आहे, कठडा धरायचा, मधे मधे थांबायचं, दम लागला तर बोलायचं नाही. चढायला मला वेळ लागेल.

दार तुम्ही उघडावं असं मला वाटतं. अनिलनं नाही, सुनेनं नाही. कसं उठायचं ते लिहिते, पत्र मिळालं त्या दिवसापासून रोज करून बघा. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं. दोन्ही पाय मागं ओढून घ्यायचे, टाचा टेकलेल्या. छाती पुढं झुकवायची, नाक गुडघ्यांच्या पुढं जाईपर्यंत. पडते की काय असं वाटतं, पडत नाही. मग श्वास सोडत, मोठ्यानं मोजत, उठायचं. सुनेला शेजारी उभं करा, पण तिला धरू देऊ नका. पहिल्या दिवशी एकदाच जमलं तरी पुरे. जमलं नाही तरी परत बसायला खुर्ची आहेच मागं.

रविवारी दाराशी आले की मी तुम्हाला हाक मारीन. मग तुम्हाला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या. उघडायचं मनात नसेल तरी मला ते कळायला वेळ लागेल, मी लगेच उठून जाणार नाही. बाहेर पायरीवर बसेन. खाली बसायची आता मला भीती वाटत नाही.

पद्मा